आमच्या माजी आमदारांवर चार पानं लिहायचीत, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठचा_विरारकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमच्या गावच्या मराठी शाळेला येत्या मे महिन्यात शंभर वर्षं पुरी होतायत, त्यानिमित्त ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ मिळून स्मरणिका काढणार आहेत. मीटिंग परळला होती, मी विरारवरून पोचेपर्यंत अर्धा तास उशीर, तोवर सोपे सोपे विषय सगळ्यांनी वाटून घेतलेले. शाळेचा इतिहास एकाने, गुरुजींची यादी एकाने, जाहिराती तिसऱ्याने, आणि शिल्लक राहिले माजी आमदार. ते आमच्याच शाळेत शिकले, तीनदा निवडून आले, आता वय झालंय, गावीच असतात. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाहीये, कोणी ओळखलंच तर कृपा करून इथे लिहू नका.

आता अडचण अशी की गावात चार जणांना विचारलं तर चार साहेब मिळतात. आजी म्हणते त्यांनी वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्काम करणारी येष्टी आणली, बास, तिच्या लेखी विषय संपला. बाबांना गिरणी बंद पडल्यावर एका ठिकाणी वॉचमनची नोकरी त्यांच्या चिठ्ठीवर लागली म्हणून घरात त्यांच्याविरुद्ध बोललेलं चालत नाही. आणि आमचे मोठे काका! काकांच्या समोर नाव काढलं की चहा थंड होईपर्यंत शिव्या. त्यातली मुख्य शिवी साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या पायपुलाची. देवळाकडच्या वाटेवर साकव हवा होता, तो झाला खाली दोनशे-अडीचशे पावलांवर, जिथे त्यांच्या पार्टीच्या कार्यकर्त्याचं कलमांचं आगर आहे. म्हातारी माणसं अजून पावसात तेवढा वळसा घालून देवळात जातात. दुसरी तक्रार सगळ्या गावाचीच आहे, २००९ नंतर साहेबांनी गावाकडे पाठ फिरवली, एक रुपयाचं काम दिलं नाही.

मंडळाच्या सेक्रेटरींनी मला त्यांच्या एकसष्टीचा गौरव अंक दिलाय. त्यात ‘कोकणचा ढाण्या वाघ’, ‘गोरगरिबांचा कैवारी’ असं सगळं आहे पण कुठल्या साली काय केलं याचा एक आकडा नाही. मला तसलं लिहायचं नाहीये, आणि काकांचंही तसंच्या तसं छापता येणार नाही. आमदार १५ वर्षं नक्की करतो काय, आणि ते तपासायचं कुठे? सभागृहात ते काही बोलले असतील तर त्याची नोंद मिळते का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त_कारकून

मिळते, आणि फुकट मिळते, फक्त कोणी बघायला जात नाही. मी मंत्रालयात ३१ वर्षं काढली, त्यातला बराच काळ अधिवेशनाच्या प्रश्नांची उत्तरं तयार करणाऱ्या टेबलावर, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे प्रत्येक विधानसभेच्या वेळी विधानमंडळ सचिवालय ‘सदस्यांचा संक्षिप्त परिचय’ म्हणून पुस्तक काढतं. जन्म, शिक्षण, आधीची पदं, कोणत्या समित्यांवर होते हे त्यात सापडतं. माहिती सदस्याने स्वतःच भरून दिलेली असते हे लक्षात ठेवून वाचा, छंद ‘वाचन व समाजसेवा’ असाच असतो. दुसरं, सभागृहाची कार्यवाही. शब्दन् शब्द लिहून घेतलेला असतो, विधानभवनाच्या ग्रंथालयात खंड आहेत आणि बरंचसं आता विधानमंडळाच्या वेबसाइटवरही चढवलंय.

त्यात तारांकित प्रश्न शोधा. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं आणि वर उपप्रश्न झेलायचे, अतारांकितचं उत्तर नुसतं लेखी येतं. प्रश्नाची भाषा ठरलेली: ‘अमुक खाडीवरील बंधारा फुटून शेतजमिनीत खारे पाणी शिरले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि आमची उत्तरंही ठरलेली. ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘चौकशी सुरू आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा टाईप केलंय की घरी बायको काही विचारायला लागली तरी तेच तोंडात यायचं.

पण एक सावधगिरी. एका प्रश्नावर दहा-दहा, पंधरा-पंधरा सदस्यांची नावं असतात. पक्षाच्या कार्यालयात प्रश्न तयार होतात, खाली सह्या होतात. त्यामुळे नुसतं नाव दिसलं म्हणून त्यांनीच प्रश्न लावून धरला असं लिहू नका. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो, यादीतले थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात, बाकीचे पटलावर ठेवून मोकळे. खरा माणूस कळतो तो उपप्रश्नात, लक्षवेधीत (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), आणि रात्री उशिरा खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवरच्या चर्चेत सभागृहात वीस टाळकी असताना जो बोलायला थांबलेला असतो त्याच्यात. अशा वेळी बोलणारे कोकणातले काही आमदार मी बघितलेत. मासेमारी, खारलँड (खाऱ्या पाण्यापासून वाचवायची जमीन), आंबा नुकसानभरपाई, पुन्हा मासेमारी. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ येत नसे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, त्यांच्याबद्दलही लोक एसटीने फिरायचे एवढंच सांगतात. सभागृहात काय बोलले विचारा, गप्प.

जुना_पीए

कारकूनसाहेबांनी विधानभवनाचं सांगितलं, मी घरचं सांगतो. मी एका आमदारांकडे (तुमच्या नाही) नऊ वर्षं होतो, दोन टर्म चालू असताना. सभागृह वर्षाला तीनदा, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला, सगळे दिवस मिळून दोन महिनेसुद्धा भरत नाहीत. उरलेल्या दहा महिन्यांना लोक आमदारकी म्हणतात.

सकाळी साडेसहाला पडवीत माणसं. साहेब अजून दात घासतायत आणि एक जण मुलाचा बायोडाटा घेऊन उभा. बदली, भरती, दाखला, सातबाऱ्यावरचं नाव, मीटर, भावाशी भांडण, पोरगी पळून गेली, सगळं आमदाराकडे. रोज तीस-चाळीस पत्रं मी लिहायचो, ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी’. पत्राने काय होतं? खरं सांगू, दहातल्या आठांनी काही होत नाही. पण तो माणूस पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन जातो आणि गावात चार घरी दाखवतो, तेवढं होतं. ज्याचं खरंच करायचंय त्याच्या पत्रापाठोपाठ फोन जायचा, बिनफोनचं पत्र म्हणजे काय हे ऑफिसातल्या अधिकाऱ्यांना बरोबर कळतं.

मुंबईत आमदार निवासातली खोली. तिथे आमदार राहतो हा गैरसमज आहे 😀 तिथे गावचे पेशंट राहतात. केईएमला ऑपरेशन, टाटाला तपासणी, नातेवाईक खाली चटईवर, खुंटीला डबे, बाथरूमच्या दांडीवर लुंग्या. आमचे साहेब एकदा रात्री दीडला आले तर स्वतःच्या पलंगावर कोण झोपलंय हे त्यांना माहीत नाही, न उठवता खुर्चीत झोपले. सकाळी तो माणूस उठून त्यांनाच विचारतो, तुम्ही कुठल्या वाडीचे?

विरारकर, तुमच्या बाबांची वॉचमनची चिठ्ठी क्षुल्लक समजू नका. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, तेव्हा कोकणातल्या प्रत्येक घरातला एक तरी बाप्या बेकार होऊन बसला होता, त्या दहा-पंधरा वर्षांत ज्याने मुंबईत चार ठिकाणी शब्द टाकून पोरं चिकटवली तो मोठा झाला. कोकणात आमदार व्हायचे दोन रस्ते. एक पंचायत समिती, झेडपी असं करत वर. दुसरा मुंबईत शाखेत नाहीतर युनियनमध्ये नाव काढून गावाला उतरायचं. तुमचे साहेब कुठल्या रस्त्याने आले ते आधी लिहा, पुढचं अर्धं त्यातच कळतं.

आणि मतदार तर अर्धा मुंबईतच. लालबाग, परळ, आता नालासोपारा, विरार, दिवा. निवडणुकीच्या आदल्या रात्री गाड्या सुटतात त्या काय देवदर्शनाला सुटत नाहीत. वाडीच्या मंडळाच्या बैठकीला आमदार दादरला येतो, वाडी म्हणते आधी सभामंडप मग बोला, गावकीत ठरलं की दोनशे मतं इकडची तिकडे. गणपतीत पाच दिवसांत शेकडो घरं, प्रत्येक घरी मोदक नाहीतर करंजी, नको म्हणलं तर राग. आमचे साहेब दुसऱ्या टर्ममध्येच डायबेटीसचे पेशंट झाले, त्याला विरोधी पक्ष नाही, करंज्या जबाबदार.

पैशाचंही लिहा म्हणजे लोकांचा गैरसमज जाईल, म्हणजे थोडा. माजी आमदाराला ५०,००० पेन्शन, एका टर्मपेक्षा जास्त झालं तर पुढच्या प्रत्येक वर्षाला २,००० जास्त. एसटीत राखीव सीट असते, वर लिहिलेलं असतं. त्या सीटवर आमदार बसलेला मी नऊ वर्षांत एकदाच बघितला, गाडी बंद पडली होती त्याची.

तांबडी_माती

पीएसाहेब __/\__ पलंगाचा किस्सा कडक

साकववाला

साकवाचा विषय निघालाय म्हणून येतो. झेडपीत शाखा अभियंता होतो, आयुष्यात साकव किती केले मोजले नाहीत. जे घाटावरचे आहेत त्यांच्यासाठी, साकव म्हणजे पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) छोटा पायपूल, माणूस आणि फार तर मोटरसायकल. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे वाडी आणि शाळा यांच्यामध्ये एक पऱ्या असला की जून ते सप्टेंबर शाळा बंद. कोकणातल्या आमदाराचं मोठेपण धरणात नाही, साकवात, पाखाडीत (दगडी पायवाट) आणि स्मशानशेडमध्ये मोजतात, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

पाटीवर विश्वास ठेवू नका. ‘मा. आमदार यांच्या प्रयत्नातून’ हे वाक्य कशावरही असतं. पैसा कुठल्या हेडचा, म्हणजे सरकारच्या कुठल्या खात्यावरचा, ते बघा. आमदार निधी म्हणजे त्यांच्या हातचा, तो २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे पण त्याआधी कित्येक वर्षं २ कोटीच होता, तुमच्या साहेबांच्या काळात तर सगळंच तुटपुंजं. अख्ख्या मतदारसंघात गावं शेकड्यात आणि वाड्या मोजायच्याच नाहीत, वाटणीला काय येणार? म्हणून हुशार आमदार स्वतःचा निधी थोडा वापरतो आणि बाकी कामं ग्रामविकासाच्या २५१५ हेडमधून, डीपीडीसीतून (जिल्हा नियोजन समिती), बजेटमधून, पुरवणी मागण्यांतून ओढून आणतो. ते ओढणं म्हणजे त्यांचं खरं काम, आणि ते पाटीवर येत नाही कारण पाटी सगळ्यांची सारखीच.

कामाची फाईल अशी चालते की ग्रामसभेचा ठराव, मग आमदाराचं पत्र, आमचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर. निधी येतो मार्च एंडला. कंत्राटदार हलतो एप्रिलच्या शेवटी, खडी-वाळू मे महिन्यात, आणि सात जूनला आकाश फाटतं. अर्धवट कामावर पहिल्या पावसात पाणी गेलं की लोक आमदाराला शिव्या घालतात, आमदार आम्हाला.

आता जागा. साकव कार्यकर्त्याच्या आगराजवळ झाला म्हणताय. असं होतं, नाही म्हणत नाही, मीही बघितलंय. पण लगेच निष्कर्ष काढू नका. दोन्ही काठांची जमीन कोणाची, ते बघा. आम्हाला जमिनीचं विनामोबदला संमतीपत्र लागतं, सगळ्या खातेदारांच्या सह्यांसकट. ग्रामपंचायतीत जुनी फाईल असेल, ठराव बुक तर असतंच. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मागा, कायदा २००५ चा आहे पण कागद त्याआधीचा असला तरी मागता येतो.

वाडीतली

साकववाले बरोबर बोलतायत. आमच्याकडे हेच झालं. माझं सासर खाडीच्या वरच्या अंगाला, मी लग्न होऊन आले तेव्हा पऱ्यावर माडाचा सोट टाकलेला, दोन्ही बाजूला काथ्याची दोरी. श्रावणात भरलेली कळशी डोक्यावर घेऊन त्या सोटावरून जायचं. माझी मोठी मुलगी पहिलीला जूनमध्ये आठ दिवस शाळेत गेली, मग एकदम गणपती झाल्यावर. मास्तर ओळखायचे नाहीत, नवीन का गं तू म्हणायचे.

साकव मंजूर झाला आणि दोन वर्षं रखडला, का तर काठावरच्या पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर २७ नावं. अर्धी मुंबईत, दोन बडोद्याला, चार वारलेली. कोणी म्हणे माझा हिस्सा आधी वेगळा करून द्या मग सही, कोणी म्हणे चुलत्याने सही केली तर मी नाही करणार. आमदारांनी दोनदा स्वतः बैठक लावली हे मी डोळ्याने बघितलंय, दुसऱ्या वेळी तर हात जोडले. शेवटी एका विधवा बाईने तिची एकटीची जागा दिली, वरच्या बाजूला, गैरसोयीची, तिथे झाला. आता सगळे म्हणतात आमदाराने चुकीच्या जागी बांधला. त्या बाईचं नाव पाटीवर नाही.

एक लिहायचं असेल तर पाण्याचंही विचारा. आमच्याकडे पाऊस एवढा आणि एप्रिलमध्ये वाडीत टँकर. साकवाला फीत कापता येते. विहिरीचा झरा आटला त्याची कोण फीत कापणार? हे मी सगळ्याच आमदारांबद्दल म्हणतेय, कुठल्या एका पार्टीच्या नाही. महिलांच्या सभेत एकदा विचारलं तर म्हणाले ताई, पाणीपुरवठा समितीकडे बघा, समितीत कोण तर सरपंचांचा भाचा.

मालवणी_माणूस

मी जिल्ह्याच्या खालच्या टोकाचो, त्यामुळे माका बोलूचो अधिकार असा 😄 बरं, सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत लिहितो.

विरारकर, तुमची दुसरी तक्रार, २००९ नंतर पाठ फिरवली. तुमचं गाव २००९ च्या आधी ज्या मतदारसंघात होतं त्यातच राहिलं का हो? आधी ते बघा. २००८ ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली, २००१ च्या जनगणनेवर. रत्नागिरी जिल्ह्यात सात आमदार होते ते पाच झाले, खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघच नकाशावरून गेले. आमच्या सिंधुदुर्गात चाराचे तीन, वेंगुर्ला गेला, मालवण गेला, देवगड गेला, कुडाळ-कणकवली अशी नावं आली. आणि त्याच वेळी ठाणे जिल्ह्यात १३ चे २४! म्हणजे काय झालं बघा, आमचीच माणसं नालासोपारा-डोंबिवलीला गेली आणि जाताना आमदार बरोबर घेऊन गेली. त्यानंतरच्या जनगणनेत, २०११ ला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या उलट कमी झालेली, रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. कौतुक कसलं, बाप्ये मुंबईत त्याचा हिशोब तो.

तर १५-२० वर्षं बांधलेला मतदारसंघ एका कागदाने फुटतो. खेड गेलं तेव्हा तिथले आमदार रामदास कदमांना २००९ ला गुहागरमध्ये जावं लागलं, गुहागर वर्षानुवर्षं नातूंचं, विनय नातू अपक्ष उभे राहिले, आणि निवडून आले भास्कर जाधव. एका रेघेने तीन माणसांच्या राजकारणाची दिशा बदलली. आमच्या कणकवलीत त्याच निवडणुकीत प्रमोद जठार ३४ मतांनी आले. चौतीस! एका लग्नाची एक बस वेळेत पोचली नाही तर आमदार बदलतो.

गावं पण अशीच वाटली गेली. एका गावातून दुसऱ्या गावात पाणी प्यायला गेलं की आमदार वेगळा. तुमचं गाव दुसरीकडे गेलं असेल तर साहेबांनी तिथे निधी द्यायचा कसा? आमदार निधी स्वतःच्याच मतदारसंघात खर्च करायचा असतो. अर्थात माणूस म्हणून यायला कोणी अडवलं नव्हतं, ते आले नसतील तर ते वेगळं.

आणखी एक. कोकणाने मुख्यमंत्री दिले म्हणून आपण छाती फुगवतो, अंतुले श्रीवर्धनचे आमदार, राणे मालवणचे. पण बाळासाहेब सावंत, चिपळूणचे, ते १९६३ ला मुख्यमंत्री कन्नमवार वारल्यावर काही दिवस हंगामी मुख्यमंत्री होते हे चिपळुणात विचारलं तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसणार. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, बॅगेवर छापलेलं असतं, म्हणून नाव तेवढं टिकलं. मुख्यमंत्र्याची ही गत तर साध्या आमदाराला कोण लक्षात ठेवणार. आजी म्हणते ना वस्तीची येष्टी, तेच बरोबर आहे.

तांबडी_माती

वस्तीची गाडी हसण्यावारी नेऊ नका कोणी. रात्री गावात मुक्कामाला राहणारी आणि पहाटे पाचला सुटणारी गाडी म्हणजे तालुक्याच्या कॉलेजला जाता येणं, डिलिव्हरीच्या बाईला नेता येणं, आंब्याची पेटी, माशाची टोपली. आमच्याकडे ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला समाजमंदिरात खोली आणि पाळीपाळीने जेवणाचा डबा असायचा. डेपो मॅनेजर रस्ता खराब म्हणून गाडी बंद करायचा, आमदार फोन करून चालू करायचा, हा खेळ दर पावसाळ्यात.

बाकी मला एवढंच म्हणायचंय की आमदार सभागृहात किती बोलला याने गावाचं काही अडत नाही. राग मानू नका.

निवृत्त_कारकून

राग नाही, पण अडतं. पर्ससीन जाळ्यांवर (मासळीचा थवाच घेरून ओढणारी मोठी जाळी) निर्बंध घालणारा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ ला निघाला, त्याआधी कित्येक अधिवेशनं किनाऱ्यावरचे आमदार आणि मच्छीमार तोच तोच विषय घासत होते. आदेश एका दिवसात निघत नाही. तो पुरता पाळला जातो का, हे वेगळं दुखणं, समुद्रावर जाऊन बघा. पण किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या लहान रापणवाल्याला भांडायला हातात एक कागद आला. वस्तीची गाडी डेपो मॅनेजर बंद करू शकतो, तो कागद नाही.

जुना_पीए

दोघंही बरोबर. आमचे साहेब म्हणायचे, गाडी सुरू केली की मत मिळतं, कायदा केला की हार मिळतो, आणि हार दुसऱ्या दिवशी बकरी खाते.

खाडीकाठचा_विरारकर

मंडळी, सगळ्यांचे आभार, शिमग्याला गावी गेलो होतो म्हणून उत्तराला उशीर झाला. पालखी नाचवून झाल्यावर दोन दिवस ग्रामपंचायतीत बसलो, ऑफिसातल्या बाई फार चांगल्या, कपाटाच्या वरून वाळवीने अर्धी खाल्लेली फाईल काढून दिली.

मालवणी_माणूस, तुम्ही पैज जिंकलात. आमचं गाव २००९ ला शेजारच्या मतदारसंघात गेलेलं. तेव्हापासून मतदान आम्ही दुसऱ्याच आमदाराला करतोय आणि शिव्या जुन्यालाच घालतोय, हे गावात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्यासकट.

साकवाची फाईल सांगतो. पहिला ठराव देवळाकडच्या वाटेचाच आहे, साहेबांचं पत्रही त्याच जागेसाठी आहे, झेडपीचा नकाशासुद्धा तिथलाच. मग संमतीपत्र. खाली ११ नावं टाईप केलेली. आठ सह्या, दोन अंगठे, आणि अकराव्या नावापुढे सही नाही, पेनाने लिहिलंय ‘मुंबईस. दोन वेळा पत्र पाठविले.’ त्यानंतरच्या मार्चमध्ये निधी परत जायची वेळ आली म्हणून त्या कार्यकर्त्याने स्वतःची जागा दिली आणि दुसरा ठराव झाला. अकरावं नाव आमच्या मोठ्या काकांचं.

मी त्याच संध्याकाळी साहेबांकडे गेलो, मनात होतं की विचारावं. पडवीत एकटेच बसलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, समोर आमसुलाची सोलं वाळत घातलेली आणि हातात कावळे हाकायची काठी. कोणाचा रे तू, म्हणाले. सांगितलं. जरा वेळ काठीच हलवत राहिले, मग विचारतात, ‘तुझा मोठा काका कसा आहे? अजून शिव्या घालतो का मला?’ मी म्हटलं घालतात. म्हणाले, ‘म्हणजे तब्येत बरी आहे त्याची.’ फाईलचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. वस्तीच्या गाडीचं मात्र तासभर सांगितलं, डेपोत किती खेपा, कोणता मॅनेजर, रस्त्याची वळणं मोजायला स्वतः टेप घेऊन कसे गेले. सभागृहात बंधाऱ्यावर बोललो होतो, साल आठवत नाही, बघ मिळतं का, म्हणाले. कारकूनसाहेब, ते मी वेबसाइटवर शोधतोय, एका प्रश्नावर नाव सापडलंय पण त्यावर बारा जण आहेत, उपप्रश्न कोणी विचारला ते कुठल्या पानावर बघायचं सांगाल का?

आणि आता खरी पंचाईत. तीन पानं लिहून झाली, चौथं साकवाचं. मे महिन्याच्या कार्यक्रमाला काका येणार आहेत आणि स्मरणिकेच्या मागच्या अख्ख्या पानाची जाहिरात त्यांचीच आहे, पैसे आगाऊ दिलेत.

साकववाला

लिहा. फक्त ‘एका खातेदाराची सही वेळेत मिळाली नाही’ एवढंच लिहा, नाव नको. आम्ही पण रिपोर्टात तसंच लिहायचो.

वाडीतली

आणि जागा ज्याने दिली त्याचं नाव मात्र घाला हो.